माळव्याचे रान आणि इंदूरची चित्रपरंपरा

चित्रकलेचा विषय निघाला की मराठी वाचकाच्या मनश्चक्षूंपुढे प्रथम माणसे येतात. रविवर्म्याच्या पौराणिक नायिका, धुरंधरांच्या चित्रांतील सणसमारंभ, हळदणकरांची हाताआड दिवा जपत उभी राहिलेली ती सुप्रसिद्ध स्त्री, ही आपल्या चित्रस्मृतीची मुख्य दौलत. आणि झाड, डोंगर, पाणी, आभाळ यांना त्या दौलतीत स्थान असलेच तर ते मानवी आकृतीच्या पाठीमागची जागा भरून काढण्यापुरते. निसर्गचित्र म्हणजे विद्यार्थ्याचा हात बसावा म्हणून करून घ्यावयाचा अभ्यास, किंवा फार तर दिवाणखान्यातील भिंतीची शोभा, ही समजूत सुशिक्षितांतही इतकी रुळली आहे की, ज्या चित्रांनी एका संबंध मुलुखाची माती, त्याचा प्रकाश आणि त्याचे ऋतू यांची नोंद केली, त्या चित्रांकडे समीक्षकांनीही सवडीने पाहावयाची वस्तू म्हणून पाहिले. इंदूरच्या चित्रकारांची निसर्गचित्रे अशीच उपेक्षित राहिली. त्यांचे कर्ते अप्रसिद्ध होते असे नव्हे. नारायण श्रीधर बेंद्रे, मकबूल फिदा हुसेन ही नावे सर्वतोमुखी आहेत. परंतु त्यांची कीर्ती बडोद्याच्या आणि मुंबईच्या चित्रांवर उभी आहे, आणि इंदूरच्या परिसरात केलेली चित्रे ही त्या कीर्तीची केवळ पूर्वतयारी, असे गृहीत धरले जाते. प्रस्तुत चित्रसंग्रहाची ही प्रस्तावना ते गृहीत मान्य करीत नाही. इंदूरच्या कलाशाळेने आपल्या विद्यार्थ्यांना भिंतींबाहेर काढून एका विशिष्ट भूमीसमोर उभे केले, आणि त्या भूमीला उत्तरदायी राहूनच चित्र पुरे करावयास लावले, ही आधुनिक भारतीय चित्रकलेतील स्वतंत्र मोलाची घटना आहे, असे माझे मत आहे.

ती भूमी कशी आहे, हे आधी सांगितले पाहिजे. प्रवासी ज्याला रमणीय म्हणतो त्या अर्थाने माळवा रमणीय नाही. समुद्रसपाटीपासून सुमारे साडेपाचशे मीटर उंचीचे हे पठार. त्यावर काळी, पावसात बुटाला धरून बसणारी आणि चैत्रात भेगाळणारी माती. मधूनमधून एखादा सपाट माथ्याचा टेकडा, शेताच्या बांधावर बाभूळ, नाल्याच्या काठी खजुरीची रांग, गावाच्या वेशीपाशी चिंच किंवा वड, आणि या सर्वांवर एक अवाढव्य आभाळ. हिमालयाची शिखरे येथे नाहीत, कोकणची हिरवळ नाही, सह्याद्रीचे कडेही नाहीत. मात्र दक्षिणेकडे सिमरोळ किंवा महूवरून थोडे पुढे गेले की पठार एकाएकी संपते, विंध्याची उतरंड सुरू होते आणि खाली निमाडचा तापलेला प्रदेश व त्यातून वाहणारी नर्मदा यांच्यापर्यंत साग, धावडा, सालई, ऐन, मोह आणि पळस यांचे रान पसरत जाते. पाताळपाणीचा धबधबा याच उतरंडीवर आहे. दुसऱ्या तुकोजीराव होळकरांनी एक कोट रुपयांचे कर्ज इंग्रज सरकारला देऊन खांडवा ते इंदूर हा लोहमार्ग करविला. त्या मार्गाने घाट चढणाऱ्या गाडीच्या खिडकीतून हे रान इंदूरकरांच्या कित्येक पिढ्यांनी पाहिले. रोज पाहिले, म्हणूनच कदाचित नीटसे पाहिले नाही.

या भूमीचे वर्णन झाले नव्हते असे मात्र कोणी म्हणू नये. कालिदासाचा मेघ रेवेवरून निघून दशार्ण, विदिशा, निर्विंध्या, उज्जयिनी, शिप्रा, गंभीरा अशी वाट चालतो, ती वाट बहुतांशी माळव्याचीच आहे, आणि भूप्रदेशाला क्रमाने, नदीगणिक आणि वनागणिक पाहण्याची अशी रीत जगाच्या वाङ्मयात फार थोड्या ठिकाणी आढळेल. मांडूच्या सुलतानांच्या आश्रयाने इसवी सन १५०० च्या सुमारास ‘निमतनामा’ हा पाकशास्त्राचा सचित्र ग्रंथ सिद्ध झाला. त्यात खानसामे आणि दासी हिरव्या गवतावर वावरताना दिसतात. सतराव्या शतकात माळवा शैलीची लघुचित्रे बहरली, आणि १६८० साली माधोदास नावाच्या चित्रकाराने नरसिंहगड येथे रागमाला रंगविली. या चित्रांत झाडे आहेत, ढग आहेत, कमळांनी भरलेली पाण्याची पट्टी आहे, आणि त्यांची रंगसंगती आजही मनाला सुखावते. परंतु ते झाड म्हणजे झाडाचे चिन्ह होय. विशिष्ट दिवशी, विशिष्ट प्रहरी, विशिष्ट बांधावर उभे असलेले झाड ते नव्हे. त्या चित्रकाराला तशी गरजच भासली नाही, कारण त्याला राग दाखवावयाचा होता, विरह दाखवावयाचा होता. भूमी ही त्या भावाची दासी होती. काव्यात भूमी नायिका झाली होती. चित्रात तिला तो मान मिळण्यास विसावे शतक उजाडावे लागले.

येथे थोडे दूर जाऊन युरोपच्या उत्तर टोकाकडे पाहणे उपयुक्त होईल, कारण भूमीला चित्रात स्वतःचा दर्जा कसा मिळतो या प्रश्नाचे उत्तर एकोणिसाव्या शतकातील डेन्मार्क, नॉर्वे आणि स्वीडन येथील वनचित्रांत जितके स्पष्ट वाचावयास मिळते तितके इतरत्र मिळत नाही. या देशांतील चित्रकारांपुढचा आदर्श इटलीचा होता. रम्य निसर्ग म्हणजे रोमजवळची ऊन पडलेली टेकडी, भग्न कमान आणि सायंकाळचे सोनेरी आभाळ, ही व्याख्या सर्वत्र मान्य होती, आणि आपल्या गावाकडचे काळेभोर, ओलसर, वर्षातील निम्मा काळ बर्फाखाली दडलेले अरण्य हा चित्राचा विषय होऊ शकेल असे फारसे कोणाला वाटत नव्हते. बर्गेन येथे जन्मलेल्या योहान क्रिस्तियान डाल याने आयुष्याचा बराच काळ जर्मनीत, ड्रेस्डेन येथे अध्यापनात घालविला; तरी नॉर्वेचे कडे, धबधबे आणि वादळात वाकलेला भूर्जवृक्ष हेच त्याचे विषय राहिले. डेन्मार्कमध्ये १८४४ साली हॉयेन या कलेतिहासकाराने आपल्या चित्रकारांनी स्वदेशाच्या भूमीकडे आणि लोकजीवनाकडे वळावे असे जाहीर आवाहन केले. त्या देशाने राज्यही गमावले होते आणि रानही: १८१४ साली नॉर्वे त्याच्या हातून गेला होता, आणि जंगले इतकी तुटली होती की, १८०५ साली सरकारला उरलेली राखण्यासाठी हुकूम काढावा लागला. अशा स्थितीत पी. सी. स्कोव्हगोर याने १८५७ साली मे महिन्यातील बीच वृक्षांच्या वनाचे भव्य चित्र रंगविले. नुकत्याच फुटलेल्या पालवीतून झिरपणारा तो पोपटी प्रकाश पाहिला म्हणजे, ज्या लोकांनी वन जवळजवळ गमावले त्यांनाच ते इतक्या ममतेने दिसले, हे ध्यानात येते.

नॉर्वेचा आउगुस्त काप्पेलेन हा उत्तरेकडील या चित्रकारांपैकी मला सर्वांत जवळचा वाटतो. जर्मनीतील ड्युसेलडॉर्फ येथे तो शिकला. उन्हाळ्यात मायदेशी येऊन तेलेमार्कच्या अरण्यात अभ्यासचित्रे करावयाची आणि परतल्यावर चित्रशाळेत त्यांवरून मोठे चित्र सिद्ध करावयाचे, ही त्याची पद्धत. मरणोन्मुख आदिम अरण्याचे त्याचे चित्र पुरे होते न होते तोच, १८५२ साली, वयाच्या पंचविसाव्या वर्षी तो निवर्तला. उन्मळलेले खोड, सालींवर चढलेले शेवाळ, मोडलेल्या फांद्यांमधून दिसणारा आभाळाचा तुकडा, एवढाच त्या चित्राचा संसार आहे; त्यात शिकारी नाही, लाकूडतोड्या नाही, कथा नाही. त्याच ड्युसेलडॉर्फमध्ये काही काळ शिकलेला लार्स हेर्तेर्विग हा गरीब शेतकऱ्याचा मुलगा मानसिक व्याधीने ग्रासला, वेड्यांच्या इस्पितळात राहून आला आणि पुढे स्टाव्हांगेर येथे दारिद्र्यात दिवस कंठू लागला. कॅनव्हास आणि तैलरंग परवडेनासे झाले तेव्हा त्याने वेष्टनाच्या आणि तंबाखूच्या कागदांचे तुकडे जोडून त्यांवर जलरंगात चित्रे केली. १८६५ च्या सुमाराची त्याची जुन्या पाइनवृक्षांची आणि डोहांची चित्रे पाहताना तेथील प्रकाश झाडांवर पडलेला नसून झाडांतूनच उगवला आहे असे वाटते.

या सर्वांत समान काय? विद्या परकी, भूमी स्वतःची. डालने ड्रेस्डेनमध्ये आणि काप्पेलेनने ड्युसेलडॉर्फमध्ये जे हस्तगत केले ते साधन होते. त्या साधनाला विषय सापडला तो घरी आल्यावर. इंदूरचा प्रश्नही नेमका हाच होता.

मुंबईत १८५७ साली जमशेटजी जिजीभाई यांच्या देणगीतून कलाशाळा स्थापन झाली आणि तिच्याद्वारे यथादर्शन, छायाप्रकाश, जलरंगाचे स्तर, तैलरंगाची घनता ही विद्या महाराष्ट्रात आली. ती आत्मसात करून स्वतःच्या गावाच्या पाण्याकडे वळणारा पहिला मोठा मराठी चित्रकार म्हणून कोल्हापूरच्या आबालाल रहिमान यांचे नाव घ्यावे लागेल. शाहू छत्रपतींच्या दरबारी असूनही त्यांचे मन रमले ते कोटितीर्थावर आणि पंचगंगेच्या घाटावर; एकच जलाशय वेगवेगळ्या प्रहरी पुन्हा पुन्हा रंगविण्याची त्यांची निष्ठा विलक्षण होती. परंतु आबालाल एकटे होते. त्यांच्याभोवती शिष्यांचा मेळावा जमून निसर्गदर्शनाची एखादी पद्धतच रूढ झाली, असे घडले नाही. ते घडले इंदुरास, आणि ते एका शिक्षकामुळे घडले.

दत्तात्रय दामोदर देवलालीकर यांनी १९२७ साली इंदूरची कलाशाळा सुरू केली. होळकर संस्थानात तेव्हा दरबारी कामकाजापासून गल्लीतील बोलण्यापर्यंत मराठी सुखाने नांदत होती. नाटके होत होती, संगीताच्या मैफली झडत होत्या. आणि कलाशाळेला आठ वर्षे झाली तेव्हा, १९३५ साली, मराठी साहित्य संमेलन इंदुरास भरून त्याचे अध्यक्षस्थान औंधाधिपती भवानराव पंतप्रतिनिधी या स्वतः कुंचला धरणाऱ्या राजाने भूषविले. दुसरे यशवंतराव होळकर त्याच दशकात एकार्ट मुथेसियस या जर्मन वास्तुशिल्पज्ञाकडून माणिकबाग राजवाडा बांधवून घेत होते आणि ब्रांकुशीची शिल्पे संग्रही ठेवीत होते. युरोपची अत्याधुनिक कला राजवाड्याच्या वेशीपर्यंत आली होती. तथापि इंदूरच्या चित्रकलेचे खरे परिवर्तन त्या राजवाड्यातून झाले नाही. ते झाले काळ्या मातीत मांडी ठोकून बसलेल्या, बहुधा बेताच्या परिस्थितीतील पोरांच्या रंगपेट्यांतून.

देवलालीकर मास्तरांचे मोठेपण त्यांच्या स्वतःच्या चित्रांपेक्षा त्यांच्या शिकविण्यात अधिक होते, असे म्हटल्याने त्यांचा अधिक्षेप होत नाही. इंदूरच्या विद्यार्थ्यांना अखेरीस मुंबईचीच पदविका परीक्षा द्यावी लागे, तेव्हा नेमलेला अभ्यासक्रम टाळता येण्यासारखा नव्हता. पण मास्तरांनी त्या अभ्यासक्रमाच्या तासांबाहेरचा दिवस विद्यार्थ्यांच्या स्वाधीन केला आणि त्यांना रस्त्यावर, बाजारात, नदीकाठी, खेड्यांत जाऊन स्केच करण्याची चटक लावली. रंग मळकट होता कामा नये, छायेतही रंग असतो, आणि चित्र जेथे आरंभिले तेथेच संपवावे, या तीन गोष्टी इंदूरच्या त्या पिढीच्या कामात इतक्या ठळक दिसतात की, निरनिराळ्या हातांची चित्रे शेजारी मांडली तरी घराणे ओळखू येते. फ्रान्समधील दृक्‌प्रत्ययवादी चित्रकारांची छाया त्यांवर आहे, हे उघड आहे. परंतु छाया पडण्यालाही काही तरी समोर उभे असावे लागते. माळव्याचे ऊन समोर होते.

त्या उन्हात जलरंगाचे चित्र करणे म्हणजे काय, हे ज्याने केले नाही त्याला थोडे समजावून सांगितले पाहिजे. चैत्र-वैशाखात सकाळी नवानंतर हवा इतकी कोरडी होते की, आभाळाचा हात वरून खाली आणेपर्यंत वरचा रंग वाळून त्याची कड उमटते. एकदा उमटलेली कड मिटविता येत नाही, कागद खरवडला जातो. म्हणून चित्रकार कागद दोन्ही बाजूंनी भिजवून घेई, पहाटेच निघे, आणि सावल्या लांब आहेत तोवर मोठे रंगक्षेत्र उरकून टाकी. तपशील मागाहून, कोरड्या कुंचल्याने. पारदर्शक रंगाचा हट्ट येथे फार काळ टिकण्यासारखा नव्हता. पांढरा मिसळून जाड केलेला अपारदर्शक जलरंग, ज्याला गौश म्हणतात, तो माळव्याच्या धुळकट आणि प्रखर प्रकाशाला अधिक मानवे, कारण त्यात काळ्या जमिनीवर उजेडाचा ठिपका मागाहूनही ठेवता येई. पावसाळ्यात नेमके उलटे. हवाच ओली, रंग तासभर वाळत नाही, एका रंगात दुसरा शिरतो, आणि चित्रकाराला ते शिरणे थांबविण्याऐवजी त्याच्यावरच विसंबून ढग करावे लागतात. तेव्हा ऋतूने केवळ विषय दिला असे नव्हे. ऋतूने रंगाची जात आणि हाताची गती ठरविली. हे ज्ञान पुस्तकात मिळत नाही; परीक्षेला ते कोणी विचारीतही नाही.

बेंद्रे यांचा जन्म १९१० सालचा, इंदूरचाच. देवलालीकरांच्या हाताखाली तयार होऊन त्यांनी मुंबईची पदविका घेतली, नंतर काश्मीर सरकारच्या प्रवासी विभागात सुमारे तीन वर्षे चाकरी केली, १९४५ साली शांतिनिकेतनात वास्तव्य करून नंदलाल बसू आणि रामकिंकर बैज यांचा सहवास मिळविला, अमेरिका पाहिली, आणि १९५० पासून बडोद्याच्या विद्यापीठात चित्रकलेचे अध्यापन करून तेथील ललितकला विभागाला आकार दिला. त्यांच्या शैलीने अनेक वळणे घेतली. घनवादाकडे ते गेले, अमूर्ताकडेही गेले, आणि उतारवयात रंगाचे बारीक ठिपके शेजारी शेजारी ठेवून झाडाखालच्या खेडूत स्त्रिया रंगवू लागले. समीक्षक या ठिपक्यांचे मूळ फ्रान्समध्ये, सरा या चित्रकाराकडे शोधतात, आणि तंत्रापुरते ते बरोबरही आहे. परंतु त्या चित्रांतील सावली पाहावी. ती काळी नाही, करडीही नाही. तिच्यात जांभळा, हिरवा, नारिंगी असे रंग थरथरतात, आणि दुपारी चिंचेखाली बसून डोळे किंचित मिटून समोर पाहिले असता माळव्यात जे दिसते तेच तेथे दिसते. साठ वर्षांच्या भ्रमंतीनंतरही बेंद्रे यांच्या डोळ्यांतील इंदूर गेले नव्हते, असे मी म्हणतो ते या आधारावर.

हुसेन यांच्याविषयी येथे थोडक्यात लिहितो, कारण त्यांच्याविषयी इतरत्र विपुल लिहिले गेले आहे. पंढरपुरास जन्मलेला, बाळपणी इंदुरास आलेला हा मुलगा कलाशाळेच्या सायंवर्गाला जाई आणि शहराच्या आसपास निसर्गचित्रे करीत हिंडे. मुंबईचे सिनेमाचे फलक आणि जगभराची कीर्ती ही सारी मागाहूनची हकिगत होय. सोलेगावकरांसारखे आणखीही गुणी विद्यार्थी त्या शाळेतून निघाले.

देवकृष्ण जटाशंकर जोशी यांच्यापाशी मात्र थांबले पाहिजे. १९११ साली महेश्वर येथे त्यांचा जन्म झाला, म्हणजे नर्मदा त्यांना वारशानेच मिळाली. बेंद्रे गेले, हुसेन गेले. जोशी माळव्या-निमाडातच राहिले, आणि ज्या भूमीला इतरांनी आरंभस्थान मानले तिला त्यांनी जन्मभराचे कार्यक्षेत्र मानले. अहिल्याबाईंचे घाट, पाण्यात उतरलेल्या पायऱ्या, नावा, बैलगाड्या, आठवड्याचा बाजार, भिल्ल स्त्रियांच्या घागऱ्यांचे रंग, हे त्यांचे विषय. त्यांच्या तैलचित्रांतील रंग जाड आणि उतावळे आहेत. कुंचल्याचा फटकारा पुसून गुळगुळीत करण्याची त्यांना पर्वा नव्हती. शिल्पही त्यांना अवगत होते, आणि त्यांच्या चित्रांतील मातीच्या भिंतींना जो भरीवपणा आहे तो त्या शिल्पकाराच्या हाताचा आहे. सातत्य आणि भूमिनिष्ठा या कसोटीवर इंदूर परंपरेचे मुख्य प्रतिनिधी बेंद्रे नसून जोशी होत, हा माझा अभिप्राय काहींना रुचणार नाही. परंतु या संग्रहातील चित्रे क्रमाने पाहिल्यावर वाचकाने स्वतःच निवाडा करावा.

आता एका उणिवेचा उल्लेख करणे भाग आहे. उत्तर युरोपच्या चित्रकारांनी अरण्याला अरण्य म्हणून रंगविले, तसे इंदूरच्या चित्रकारांनी फारसे केले नाही. सिमरोळच्या घाटात ते जात, पाताळपाणीला जात. पण परतताना चित्रात बहुधा एखादी झोपडी, एखादी पायवाट, मोळी घेतलेली बाई किंवा पाण्यावर आलेली गुरे असत. निखळ, निर्मनुष्य रान त्यांच्या कामात विरळा. याचे एक कारण भूगोलात आहे. स्प्रूस आणि पाइन यांचे अरण्य बारमाही गर्द असते, त्याच्या आत शिरले की भिंतींनी वेढल्यासारखा काळोख होतो आणि दृष्टी खोडाखोडांवर थबकते. आपले सागाचे रान माघ-फाल्गुनात पाने टाकून मोकळे होते, त्यातून पलीकडचा डोंगर, खालचा नाला, दूरचे गाव सहज दिसते, आणि जेथे पलीकडचे गाव दिसते तेथे चित्रकाराची नजर अडून राहावी कशी? दुसरे कारण अधिक खोल आहे. आपल्या मनात रान हे कधी निर्मनुष्य नसतेच. ते ऋषींचे असते, भिल्लांचे असते, गुराख्यांचे असते, वनवासी राजपुत्रांचे असते. होळकरशाहीच्या जंगल महकम्याच्या दप्तरातही त्याची नोंद चराई, लाकूडफाटा आणि मोहाची फुले यांच्या हिशेबानेच होत असणार. काप्पेलेनला त्या अरण्यात जो एकांत भेटला तो आपल्या चित्रकाराने शोधलाच नाही. ही उणीव आहे की वेगळी दृष्टी आहे, यावर मतभेद होईल. मला ती उणीव वाटते, कारण फाल्गुनात पान एकही नसताना केशरी पेटलेला पळस आणि त्यामागे करड्या सागांच्या उभ्या रेघा, हे दृश्य माणसावाचूनच पूर्ण आहे, आणि ते आमच्या थोर चित्रकारांनी व्हावे तितके रंगविले नाही.

आणि तरीही रान इंदूरच्या कलेत आले. ते अशा वाटेने आले की, तिचा पूर्वसंकेत कोणाला देता आला नसता. विष्णू चिंचाळकर, ज्यांना सारे शहर गुरुजी म्हणत असे, हेही देवलालीकरांचेच शिष्य. १९१७ साली आलोट येथे जन्मलेल्या या चित्रकाराचा हात व्यक्तिचित्रात आणि निसर्गचित्रात उत्तम तयार झाला होता. रूढ मार्गाने गेले असते तर मानसन्मान घरी चालून आले असते. परंतु एका टप्प्यावर त्यांनी रंग आणि कुंचला जवळजवळ बाजूला ठेवले आणि वाळलेली मुळे, झाडांच्या साली, शेंगा, बिया, वाकड्या फांद्या, फाटक्या चिंध्या गोळा करून त्यांतून चित्रे घडविण्यास आरंभ केला. त्यांची रीत पाहण्याजोगी होती. सापडलेली वस्तू ते शक्यतो कापीत नसत, तासत नसत. ती हातात फिरवीत राहत, उलटी करीत, कलती करीत, आणि एका विशिष्ट कोनात तिच्यात दडलेला पक्षी किंवा म्हातारा किंवा नाचणारी बाई दिसली की तेथे थांबत. मुळाचा एक फाटा म्हणजे उचललेला हात. सालीवरची गाठ म्हणजे डोळा. पुष्कळदा चित्रकाराची करामत एवढीच की, त्याने वस्तू योग्य बाजूने भिंतीवर टांगली. ज्याने वर्षानुवर्षे निसर्गासमोर बसून निसर्गाचे अनुकरण केले, त्याने अखेर अनुकरणच सोडून निसर्गाला आपले चित्र स्वतः काढू दिले, हा त्या परंपरेचा त्याग नव्हे. तिचा तो न्याय्य शेवट आहे. हेर्तेर्विगला तंबाखूच्या कागदाकडे दारिद्र्याने नेले, गुरुजींना पालापाचोळ्याकडे श्रद्धेने नेले. पण टाकाऊ म्हणून जे बाजूला सारले जाते त्यातच भूमीचा मूळ स्वभाव अधिक शुद्ध आढळतो, हे दोघांच्याही कामात सारखेच प्रत्ययास येते.

गायक कुमार गंधर्व १९४८ पासून देवासला येऊन राहिले होते. गुरुजींचा आणि त्यांचा दृढ स्नेह होता. एकाने माळव्याची लोकगीते ऐकून त्यांतून राग उकलले आणि वर्षा, हेमंत, वसंत या ऋतूंचे गीतसंच मांडले. दुसऱ्याने माळव्याचा पाचोळा उचलून त्यातून आकार उकलले. समकालीन मराठी समीक्षेने या दोन कार्यांचा एकत्र विचार करावयास हवा होता. तो अद्यापि झालेला नाही, आणि प्रस्तावनेच्या मर्यादेत मलाही तो करता येणार नाही.

या संग्रहातील चित्रांचा अनुक्रम चित्रकारांनुसार न लावता ऋतूंनुसार लावला आहे: प्रथम ग्रीष्म, मग वर्षा, शरद, आणि शेवटी पळस फुलण्याचा काळ. असे केल्याने कालक्रम बिघडतो आणि अभ्यासकाची थोडी गैरसोय होते, हे मान्य आहे. पण ज्या चित्रांचे मर्म ऋतूत आहे ती चित्रे कर्त्याच्या जन्मसालाप्रमाणे मांडण्यात आम्हांला औचित्य वाटले नाही. वाचकाला सवड असेल तर त्याने ग्रीष्माची पाने दुपारी आणि वर्षेची पाने पावसाळी दिवशी, खिडकीजवळच्या उजेडात पाहावी. विजेच्या पिवळ्या दिव्याखाली जलरंगातील निळा मरतो.

शेवटी एक विनंती, आणि ती मुख्यतः इंदूर, देवास, धार, महू व उज्जैन येथील जुन्या मराठी घरांना आहे. कलाशाळेच्या त्या पिढीचे पुष्कळ काम कोणत्याही संग्रहालयात नाही. ते विद्यार्थ्याने गुरुदक्षिणा म्हणून, मित्राने लग्नाचा आहेर म्हणून, भाडेकरूने भाड्याच्या बदल्यात दिलेले, अशा रीतीने घरोघर गेले आणि तेथेच राहिले. कागदावरचे चित्र पावसाळ्यात बाहेरच्या भिंतीवर टांगले म्हणजे ओलीने त्यावर तपकिरी डाग चढतात. पाठीमागे साधा पुठ्ठा किंवा लाकडी फळी लावली असेल तर त्यातील आम्लाने कागद पिवळा पडून ठिसूळ होतो. चिकटपट्टी लावली तर तिचा डाग निघत नाही. अशी चित्रे आतल्या भिंतीवर, उन्हाच्या तिरिपेपासून दूर ठेवावी, पाठीमागे आम्लरहित कागद घालून पुन्हा चौकटीत बसवावी, आणि घरातील वडीलधाऱ्यांना विचारून कर्त्याचे नाव, स्थळ आणि साल एका चिठ्ठीवर लिहून ठेवावे. चित्राच्या मागे लिहावयाचेच असेल तर मऊ शिसपेन्सिलीने, कडेला, दाब न देता लिहावे. ज्यांना ठाऊक आहे ती माणसे वयोवृद्ध आहेत. तेव्हा हे काम येत्या पावसाळ्यापूर्वी करावे.